यादीच नसलेल्या देशातला न्याय : टोगोच्या ‘नोव्हिसी’ योजनेचं प्रकरण

टोगो हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना आणि बेनिन यांच्यामध्ये दाबून बसवल्यासारखा चिंचोळा देश. लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास. ६ मार्च २०२० रोजी तिथं कोविडचा पहिला रुग्ण सापडला. १ एप्रिलला आरोग्य आणीबाणी लागू झाली आणि ८ एप्रिलला सरकारने लोकांच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवणारी योजना सुरू केली. तिचं नाव ‘नोव्हिसी’. एवे भाषेत या शब्दात एकमेकांच्या पाठीशी उभं राहण्याचा अर्थ आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेवर मराठीत जे लिहिलं जातं, त्यात उदाहरणं बहुधा श्रीमंत देशांतली असतात : बँकेने नाकारलेलं कर्ज, कंपनीने गाळलेला अर्ज, पोलिसांच्या कॅमेऱ्याने चुकीचा ओळखलेला चेहरा. तिथं आधीपासून एक चालती व्यवस्था असते आणि यंत्र तिची जागा घेतं. टोगोत मुळात व्यवस्थाच नव्हती. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं आणि म्हणूनच ते सविस्तर मांडतो आहे.

कुणाला द्यायचं?

संचारबंदी आली तेव्हा राजधानी लोमेमधल्या बाजारात बसणाऱ्या बायका, मोटरसायकल-टॅक्सी चालवणारे, शिंपी, केस विंचरून देणाऱ्या मुली या सगळ्यांचं हातावरचं पोट एका दिवसात थांबलं. मदत द्यायची तर गरिबांची यादी हवी. टोगोत अशी यादी नव्हती. शेवटची जनगणना २०११ सालची, आणि तिच्यात लोकांच्या ऐपतीची नोंदच नव्हती. घरोघर जाऊन सर्वेक्षण करायचं तर महिने गेले असते. शिवाय साथीत सर्वेक्षकाला दारोदार पाठवणं हाच धोका होता.

एक यादी मात्र ताजी होती, ती मतदारांची. फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती, त्यामुळे ती नुकतीच दुरुस्त झालेली होती. तिच्यात माणसाचं राहण्याचं ठिकाण होतं आणि त्याने स्वतः सांगितलेला व्यवसायही होता. पात्र प्रौढांपैकी सुमारे ८७ टक्के लोक तिच्यात असल्याचं सांगितलं जात होतं. सरकारने तीच उचलली. साध्या बटणाच्या फोनवरून यूएसएसडी कोड, म्हणजे इंटरनेटशिवाय चालणारा *आणि # असलेला छोटा क्रमांक दाबायचा, मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकायचा. ठिकाण आणि व्यवसाय निकषात बसले की पैसे मोबाइलच्या पाकिटात. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको, अर्ज नको. स्त्रियांना महिन्याला १२,२५० सीएफए फ्रँक, पुरुषांना १०,५००. देशातल्या किमान वेतनाचा हा अनुक्रमे ३५ आणि ३० टक्के हिस्सा होतो. घरात अन्न शिजतं की नाही याची चिंता बाई वाहते, म्हणून तिला थोडे जास्त, असा हिशेब होता.

इथवर कृत्रिम बुद्धिमत्ता कुठेच आलेली नाही. पण नैतिकतेचा पहिला मोठा निर्णय झालेला आहे. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, हे माहिती-संरक्षणाचं जगभर मान्य असलेलं तत्त्व आहे. मत देण्यासाठी सांगितलेला व्यवसाय आता भाकरीचा निकष झाला. मतदार नोंदणी हा कुठल्याही देशात राजकीय मामला असतो. जो रागाने, भीतीने किंवा कंटाळ्याने नोंदणीपासून लांब राहिला, तो आता मदतीपासूनही लांब राहिला. आणि तरीही एप्रिल २०२०च्या त्या आठवड्यात मी निर्णय घेणारा असतो, तर मीही हीच यादी वापरली असती. हे कबूल केल्याशिवाय पुढच्या चर्चेला अर्थ नाही.

शहराबाहेर पाऊल

लोमेमध्ये व्यवसायाचा निकष बऱ्यापैकी चालला. खेड्यात तो मोडतो, कारण तिथं जवळजवळ सगळेच शेतकरी. ‘शेतकरी’ या एका शब्दात खाऊनपिऊन सुखी माणूसही येतो आणि एका वेळच्या जेवणाची भ्रांत असलेलाही.

२०२०च्या उत्तरार्धात ‘गिव्हडायरेक्टली’ ही गरिबांना थेट रोख पैसे देणारी संस्था ग्रामीण भागासाठी पैसा घेऊन पुढे आली. पैसा सगळ्यांना पुरणारा नव्हता. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोशुआ ब्लूमेनस्टॉक आणि त्यांचे सहकारी यांनी निवडीची पद्धत बांधली. ती दोन पायऱ्यांची होती. आधी उपग्रहाची छायाचित्रं आणि पूर्वीच्या कुटुंब-सर्वेक्षणाची आकडेवारी जुळवून देशाचा गरिबीचा नकाशा तयार केला, आणि ३९७ कँटनांपैकी सर्वांत गरीब १०० निवडले. कँटन म्हणजे काही गावांचा मिळून झालेला प्रशासकीय विभाग. मग त्या शंभरांत राहणाऱ्यांपैकी सर्वांत गरीब कोण, हे मोबाइल वापराच्या नोंदींवरून ठरवलं.

दुसरी पायरी नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा वाद तिथेच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे १०,००० लोकांना फोन करून त्यांच्या घराविषयी, सामानसुमानाविषयी, राहणीविषयी प्रश्न विचारले गेले. त्यांच्या संमतीने ही उत्तरं त्यांच्याच फोनच्या नोंदींशी जोडली : किती कॉल केले, कुणाकुणाशी, किती वेळ, परदेशी कॉल किती, मोबाइल मनीची उलाढाल किती, किती टॉवरांच्या हद्दीत फिरले. बोलणं काय झालं ते यात नसतं. कुणी, कुणाला, कधी, कुठून एवढंच असतं. यंत्राने यातून शिकून घेतलं की गरीब माणसाचा फोन साधारण कसा चालतो. मग त्या शंभर कँटनांतल्या प्रत्येक नोंदणीकर्त्याच्या रोजच्या खर्चाचा अंदाज बांधला. सव्वा डॉलरच्या खाली अंदाज आला तो पात्र. स्त्रियांना महिन्याला ८,६२० फ्रँक, पुरुषांना ७,४५०, पाच महिने. नोव्हेंबर २०२० मध्ये पैसे जायला लागले.

‘न्याय्य आहे का?’ याला जोडून येणारा प्रश्न

मार्च २०२२ मध्ये या टीमने ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात. सरकारपुढे तेव्हा असलेल्या भौगोलिक पर्यायांच्या, म्हणजे अमुक भाग गरीब म्हणून तिथल्या सगळ्यांना देण्याच्या तुलनेत, खरा गरीब वगळला जाण्याची चूक यंत्राच्या पद्धतीने ४ ते २१ टक्क्यांनी कमी केली. आणि देशात सर्व घरांची सविस्तर सामाजिक नोंदवही असती तर तिच्या आधारे जी निवड झाली असती, तिच्या तुलनेत हीच चूक ९ ते ३५ टक्क्यांनी जास्त होती.

यंत्र एकच आणि माणसंही तीच. पहिलं वाक्य वाचणाऱ्याला वाटतं, यंत्राने न्याय केला. दुसरं वाचणाऱ्याला वाटतं, अन्याय केला. दोघांचं म्हणणं खरं आहे. फरक पडतो तो तुलना कशाशी केली यावर, आणि ही तुलना ठरवण्याचं काम कुठलीही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका करून देत नाही.

युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेबद्दल शिफारशी स्वीकारल्या, त्याला १९३ सदस्य देशांची संमती होती. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्यात सरकारी मदतीची पात्रता ठरवणाऱ्या प्रणाली ‘उच्च जोखमी’च्या गटात टाकल्या आहेत. दोन्ही पावलं योग्यच. पण उच्च जोखमीचा शिक्का मारून प्रणाली थांबवली, तर युरोपात अर्जाची जुनी खिडकी उघडी राहते. टोगोच्या सवान प्रदेशातल्या खेड्यात थांबवण्याचा अर्थ होता, पैसा नाही. किंवा पैसा कँटनभर सरसकट आणि म्हणून प्रत्येकाला चिमूटभर. वापर न करण्यालाही तिथं बळी होते, आणि ते कुठल्याच अहवालात दिसले नसते. विकसनशील देशांपुरती तत्त्वं सैल करावीत, असं मी म्हणत नाही. तत्त्वांच्या तराजूत ‘काहीच न करणं’ हेही पारड्यात टाकावं लागतं, एवढंच म्हणतो.

या युक्तिवादाचा गैरवापर किती सोपा आहे, याचीही मला जाणीव आहे. ‘दुसरा पर्यायच नव्हता’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता आणि प्रत्येक मंत्रालय म्हणू शकतं. टोगोत ते खरं होतं, कारण साथ होती, मुदत होती आणि योजना आपत्कालीन होती. साथ ओसरल्यावर तेच वाक्य खरं राहत नाही. संशोधकांनी स्वतःही लिहून ठेवलं की प्रारूप, म्हणजे नोंदींवरून शिकून अंदाज बांधणारं यंत्राचं गणित, जुनं झालं की त्याची अचूकता घसरते. वर्ष-दोन वर्षांत लोकांची फोन वापरण्याची रीत बदलते, भाव बदलतात, कंपन्यांच्या योजना बदलतात. आणीबाणीत बांधलेली पद्धत कायमची करायची असेल, तर तिला कायमच्या पद्धतीचीच परीक्षा द्यायला लावायला हवी.

ज्याच्याकडे फोन नाही

२०१८-१९च्या सर्वेक्षणानुसार टोगोत ६५ टक्के व्यक्तींकडे मोबाइल होता. घरं मोजली तर ८५ टक्के घरांत निदान एक होता. एकाच फोनवर अवलंबून असलेली घरं बरीच आहेत, असं या दोन आकड्यांतलं अंतर सुचवतं. फोन कुणाचा, हे अशा घरात सरळ नसतं. दिवसा तो नवऱ्याबरोबर शेतावर असतो, संध्याकाळी मुलगा वापरतो, बाई शेजारणीच्या फोनवरून माहेरी बोलते. या सगळ्यांच्या सवयींची सरमिसळ होऊन एक नोंद तयार होते आणि यंत्र ती एका माणसाची समजतं.

प्रारूपाची समन्यायाच्या दृष्टीने तपासणी झाली होती. स्त्रिया, वेगवेगळे वांशिक गट, धर्म, वय यांपैकी कुणावर पद्धतशीर अन्याय होतोय का, हे संशोधकांनी पाहिलं. तसं आढळलं नाही, असं त्यांनी नोंदवलं. ही तपासणी प्रामाणिक होती यात शंका नाही. पण ती ज्यांच्या उत्तरांवर झाली ते सगळे फोनवाले होते. फोन नसलेली म्हातारी शिकवण्याच्या नमुन्यात नव्हती, तपासणीच्या नमुन्यातही नव्हती. तिच्यावरचा अन्याय यंत्राच्या आत झालाच नाही, तो दाराबाहेर झाला.

तपासणीचे गट कोण ठरवतो, हाही प्रश्न आहे. लिंग, वंश, धर्म, वय ही यादी जगात कुठेही चालते, म्हणूनच ती अपुरी पडते. दोन बायका आणि एक फोन असलेलं घर, हंगामात मजुरीला घानात जाणारा आणि तिकडचंच सिम वापरणारा, रेंज नसलेल्या टेकडीवरची वस्ती : हे गट गावातल्या माणसाने दहा मिनिटांत सांगितले असते. स्थानिक वास्तवाशी नैतिकता जुळवणं म्हणजे माझ्या लेखी आधी हेच आहे. तपासणीचे रकाने लोमेत किंवा बर्कलीत बसून न भरता कँटनमध्ये बसून भरायचे.

संमती आणि स्पष्टीकरण

टोगोने ऑक्टोबर २०१९ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला होता. म्हणजे कागदावर चौकट होती. संशोधकांनी फोन क्रमांक सांकेतिक रूपात बदलून घेतले, म्हणजे नोंदी हाताळणाऱ्याला मूळ क्रमांक दिसू नयेत. चांगलंच केलं. पण फोनची नोंद ही कधीच एकट्याची नसते. मी तुम्हाला कॉल केला तर त्या नोंदीत तुम्हीही आलात, आणि तुम्हाला कुणी काही विचारलेलं नाही. शिवाय भुकेल्या माणसाने पैशासाठी दाबलेल्या बटणाला संमती म्हणावं का? मला ते शब्दाला धरून खरं वाटतं, अर्थाला धरून नाही. अशा ठिकाणी व्यक्तीच्या बटणावर भिस्त ठेवण्यापेक्षा माहिती कुणाकडे राहील, किती दिवस राहील आणि कोणत्या खात्याला कदापि मिळणार नाही, हे आधीच बांधून घेणं जास्त मोलाचं. विरोधकांच्या हालचाली शोधायला तीच नोंद उपयोगी पडते, हे विसरून चालत नाही. गरिबी मोजणारा टॉवर मोर्चाही मोजतो.

स्पष्टीकरणाची गोष्ट आणखी अवघड. ‘तुला का मिळालं नाही?’ याचं उत्तर माणसाला मिळायला हवं, हे तत्त्व. पण कमी कॉल करणाऱ्याला पैसे मिळतात असं गावात पसरलं, तर लोक कॉल करणं कमी करतील. फोन हाच ज्यांचा बाजारभाव विचारण्याचा, परगावच्या मुलाशी बोलण्याचा मार्ग, ते तो बंद ठेवतील. पारदर्शकतेनेच इजा होऊ शकते. दुसरीकडे, शेजारणीला मिळाले आणि मला नाही, कारण ‘संगणकाने ठरवलं’, हे उत्तर गावाला फोडतं.

गावकऱ्यांना पटणारं कारण आणि गणिताने बरोबर असलेलं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे २००२च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात १३ निकष होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. ती पद्धत सदोष होती, तिच्यातून कितीतरी गरीब सुटले. पण घरात कपडे किती, जमीन किती, यावर माणूस ग्रामसभेत उभा राहून भांडू तरी शकत होता. यंत्राने दिलेल्या रोजच्या खर्चाच्या अंदाजाशी भांडणार कसं?

माझं मत असं की यंत्राचं अंतर्गत गणित उघड करण्याचा हट्ट इथं सोडून द्यावा, आणि त्याऐवजी चूक सुधारण्याची वाट उघडी ठेवण्याचा हट्ट धरावा. आपल्या भाषेत उत्तर देणारी हेल्पलाइन हवी. ज्याला फोनच नाही त्याच्यासाठी कँटनमध्ये प्रत्यक्ष बसणारा माणूस हवा, आणि त्याच्या हातात थोड्या जागा राखीव हव्यात, म्हणजे गावाने पुढे केलेल्या, यंत्राला न दिसलेल्या माणसाला त्याच आठवड्यात पैसे देता येतील. एकूण पैशाचा एक हिस्सा आपल्याच चुकीसाठी बाजूला ठेवायचा. पद्धत चुकणार हे आकड्यांनी आधीच सांगितलेलं होतं. मग चुकीची तरतूद अंदाजपत्रकात का नको?

देणं आणि काढून घेणं

नोव्हिसीतली एक बाजू मला निर्णायक वाटते. ज्यांना काहीच मिळत नव्हतं त्यांच्यातून यंत्राने काहींना निवडलं. कुणाचा चालू हक्क त्याने तोडला नाही. तेलंगणात मोठ्या प्रमाणावर रेशनकार्डं रद्द झाली, तेव्हा तक्रार नेमकी ही होती की माणसाला नोटीस न देता संगणकाच्या छाननीवरून नाव उडवलं गेलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितली. तंत्र दोन्हीकडे सारखंच असू शकतं, वेगवेगळ्या नोंदी जुळवून माणसाची ऐपत ताडणं. पण नवं देताना झालेली चूक आणि असलेलं काढताना झालेली चूक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. दुसरीत माणसाने त्या धान्यावर आपलं महिन्याचं गणित मांडलेलं असतं. तिथं यंत्राने फार तर संशय दाखवावा. निर्णय माणसाने घरी जाऊन घ्यावा.

टोगो पुढे ओळखपत्रांकडे वळला. सप्टेंबर २०२० मध्येच बायोमेट्रिक ओळखीचा कायदा झाला. मतदार यादीवर भार टाकण्याची वेळ पुन्हा येऊ नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. मात्र ओळख आणि ऐपत या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बोटाचे ठसे घेतल्याने माणूस कोण ते कळतं, तो उपाशी आहे का ते नाही.

पैसे मिळाल्यावर

शेवटचा भाग बहुतेक चर्चांत गाळला जातो. ग्रामीण टप्प्याचा परिणाम यादृच्छिक प्रयोगाने तपासला गेला : पात्र लोकांपैकी, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, काहींना पैसे आधी, काहींना नंतर. पैसे मिळालेल्यांच्या घरात अन्नाची स्थिती सुधारली, मनावरचा ताण हलका झाला, आपण समाजात कुठे उभे आहोत याबद्दलची त्यांची स्वतःची भावनाही सुधारली. हे सगळं लोकांना फोन करून, प्रश्न विचारून कळलं.

मग संशोधकांनी तोच प्रश्न यंत्राला विचारला. ज्या फोन-नोंदींवरून कोण गरीब ते ओळखलं होतं, त्याच नोंदींवरून पैसे मिळाल्यानंतर माणसांचं बरं झालं की नाही ते दिसतं का? दिसलं नाही. नोंदींच्या हिशेबाने त्या घरांत काहीच बदललेलं नव्हतं. यंत्राच्या सांगण्यावर विसंबून पुढचा निधी ठरला असता, तर योजना निष्फळ म्हणून गुंडाळली गेली असती, आणि त्या वेळी तिथल्या बाया सर्वेक्षकाला फोनवर सांगत होत्या की घरात पूर्वीपेक्षा बरं जेवण होतंय.